वर ही, खाली मी

४ तारीख, मंगळवार

ही वही औषधांच्या दुकानातून फुकट मिळाली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर खोकल्याच्या औषधाची जाहिरात आहे. मी जन्मात कधी डायरी लिहिली नाही, पण उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, समोर भिंत आणि भिंतीवरचा टीव्ही बंद. सगळ्या गावाच्या गच्च्यांवर डिश बसवत फिरणाऱ्या माणसाच्या घरची डिश कित्येक महिने बिघडलेली आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पडलो कसा ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे परत कोणी विचारायला नको. टेलरमास्तरांच्या दुमजली घराच्या गच्चीवर कडेला पाइप उभा करून त्याच्यावर डिश चढवत होतो. पट्टा घातलेला होता. दोर बांधलेला होता. तेवढ्यात वारा आला. डिश म्हणजे शेवटी शीडच, वाऱ्याने धरली की सोडत नाही. मी, पाइप आणि डिश असे आम्ही तिघे बरोबरच खाली आलो. मध्ये पत्र्याचा छज्जा लागला म्हणून आज हे लिहितोय. दोष सगळा वाऱ्याचा.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर पाय टेकवायचा नाही. इकडे लोकांची बोलावणी तुंबली आहेत. आपण गेलो नाही तर लोक दुसऱ्याला बोलावतात आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. संध्याकाळी हे हिला सांगत बसलो होतो, तर ही म्हणाली, "मी चढते."

मी हसलो. ही हसली नाही.

आई कोपऱ्यातून म्हणाली, "चढू दे की. ती पडली तर निदान कशी पडली ते खरं तरी सांगेल."

वय झाल्यापासून आईला काहीही बोलायची सवय लागली आहे.

५ तारीख, बुधवार

आज घरात शाळा भरली. खोलीच्या मधोमध स्टूल, स्टुलावर ही, हिच्या हातात डिश म्हणून परात. मास्तर मी, पलंगावरून. ही इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे फोन घेते, केबलची भेंडोळी सोडवून ठेवते, त्यामुळे सामान सगळं ओळखीचं आहे. पण सामान ओळखणं वेगळं आणि कडेला उभं राहणं वेगळं.

सगळं सांगितलं. पट्टा नुसता कमरेला नाही घालायचा, खांद्यावरून आणि मांड्यांतून घालायचा. बूट रबरी तळाचे. पाना पट्ट्याला दोरीने बांधलेला पाहिजे, सुटला तर खालच्याच्या टाळक्यात बसतो. गच्ची ओली असेल तर सरळ घरी यायचं. जवळपास विजेची तार असेल तर शिडी उभी करायच्या आधी वर बघायचं, कारण आपली शिडी ॲल्युमिनियमची आहे आणि तारेला टेकली तर पुढचं सांगायला कोणी उरत नाही. डिश बसली की पाइपापासून जमिनीपर्यंत अर्थिंगची तार सोडायची, नाहीतर वीज पडली की ती न बोलावता थेट लोकांच्या बैठकीत येते.

"हे सगळं तुम्ही रोज करता?" हिने विचारलं.

"मला काय गरज आहे? माझ्या अंगवळणी पडलंय."

आईला खोकला आला.

मग मुख्य धडा. म्हटलं, "दोर बांधायचा तो इमारतीचाच भाग असेल त्याला. टाकीखालचा काँक्रीटचा खांब असला तर उत्तम. आणि आता कान उघडे ठेवून ऐक. जो पाइप आपण बसवतोय त्यालाच दोर बांधायचा नाही. घाई असली तरी नाही, खांब लांब असला तरी नाही, देव खाली येऊन म्हणाला तरी नाही. बोल्ट अजून पक्के झालेले नसतात. तो आपल्या भरवशावर उभा असतो आणि आपण त्याच्या. मग दोघेही जातात."

माझा आवाज बराच चढला असावा, कारण शेजाऱ्यांचं बाळ रडायला लागलं. ही परात घेऊन स्टुलावर तशीच उभी होती, माझ्याकडे बघत. मग "बरं" म्हणाली, खाली उतरली आणि त्याच परातीत पीठ मळायला घेतलं.

७ तारीख, शुक्रवार

पहिलं काम झालं. चष्म्याच्या दुकानाची गच्ची. ही गेल्यापासून मी घड्याळाकडे बघत नव्हतो असं आई म्हणाली असती तर खोटं ठरलं असतं. आपण स्वतः वर असताना कधी इतका घाम येत नाही.

मग फोन आला.

"अहो, डावीकडे की उजवीकडे?"

"मीटरचा काटा काय म्हणतोय?"

"मला नाही समजत. तुम्हीच सांगा ना."

मी डोळे मिटले. त्या दुकानाची गच्ची, टाकी, समोरचं झाड, सगळं आठवलं. म्हटलं, "थोडी डावीकडे घे. केसभर."

"आलं," ही म्हणाली. "चित्र आलं. तुम्ही नसता तर मी बसले असते इथेच."

आता पलंगावर पडल्या पडल्या सिग्नल पकडणारा दुसरा माणूस दाखवा. रात्री दोन घास जास्त गेले.

९ तारीख, रविवार

खाली शिडी धरायला मेहुण्याला घेतलं आहे. माणूस धिप्पाड आहे, पण बुडाला भिंगरी. हिने त्याच्यासाठी एक रीत घातली आहे. खालचा माणूस "धरली" म्हणाल्याशिवाय वरच्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, आणि वरचा उतरून जमिनीवर येईपर्यंत खालच्याने हात सोडायचा नाही. फोन आला, पाहुणा आला, नाक खाजलं, काहीही झालं तरी नाही.

हे काही मी शिकवलेलं नाही. शिडी धरायला माणूस नवशिक्याला लागतो असं माझं मत. मी आजवर शिडी भिंतीला टेकवली की चढलो. मेहुणा म्हणाला, "दाजी, ताई तुमच्यापेक्षा कडक आहे." म्हटलं, भित्रं माणूस कडकच असतं.

१२ तारीख, बुधवार

आज ही टेलरमास्तरांच्या घरी गेली होती, माझं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला. नवा पाइप लावून आली आणि जुना वाकलेला पाइप खांद्यावर टाकून घरी घेऊन आली. माझा दोर त्याला तसाच होता, गाठीसकट. मास्तरांच्या परसात पडून होता म्हणे.

मी खिडकीतून बघत होतो. हिने अंगणात बसून ती गाठ सोडवली. ओढ बसून घट्ट झाली होती, बराच वेळ लागला. मग दोर नीट गुंडाळून आत ठेवला आणि पाइप अंगणात रोवून त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर वाऱ्याचं सांगितलंच असतं.

१५ तारीख, शनिवार

टेलरमास्तर भेटायला आले. माझ्यासाठी पँट शिवून आणली होती, एक पाय नेहमीचा आणि दुसरा प्लास्टर मावेल असा घोळदार. माणूस सोन्यासारखा. पण गप्पा फार.

म्हणाले, "वहिनींचा हात फार हलका हो. मी खाली टीव्ही लावून बसलो होतो, बघता बघता चित्र आलं. मग कितीतरी वेळाने वरून वहिनींचा तुम्हाला फोन. डावीकडे का उजवीकडे विचारत होत्या. चित्र आलं सांगायला मी वर गेलो, तर आधी टाकीला टेकून बाटलीतलं पाणी निवांत प्यायल्या, आणि मग फोन."

म्हटलं, "खात्री करून घेत असेल. नवीन आहे."

"असेल, असेल." मग मान हलवत म्हणाले, "त्या दिवशी मात्र तुमचा दोर..."

"मास्तर, चहा गार होतोय," मी म्हटलं.

१९ तारीख, बुधवार

आज भांडण झालं. ही सकाळी निघायच्या आधी अंगणात जाऊन वाळत घातलेले कपडे बघून आली आणि बूट काढून ठेवले. "आज नाही जात. कपडे आडवे होतायत."

"अगं, कपडे वाळतायत का बघतेस की धंदा करतेस? ते लोक वाट बघत असतील."

"कपडे दोरीवर सरळ लोंबत असतील तर काम करायचं. आडवे झाले तर घरी बसायचं. डिश म्हणजे शीड, असं तुम्हीच सांगितलंत."

"वाऱ्यात काम केलं नसतं तर आपण उपाशी मेलो असतो."

"वाऱ्यात काम केलं म्हणून काय झालं ते या पलंगावर दिसतंय," ही म्हणाली.

वाऱ्याचा दोष मीच काढला होता. गिऱ्हाइकाला फोन करून मीच सांगितलं की आज जमणार नाही. ते फणफणले. मी पण त्यांच्यावर फणफणलो. कोण कोणाच्या बाजूने होतं ते मला फोन ठेवल्यावरही नीट कळलं नाही.

२२ तारीख, शनिवार

दोनदा वही उघडली आणि दोनदा मिटली.

मेहुण्याने शिडी सोडली. फोन आला म्हणून सोडली आणि बोलत बोलत रस्त्याच्या पलीकडे गेला. ही वर होती. खालून एक सायकल घासून गेली आणि शिडी आडवी झाली. ही उतरायला कडेला आली, पाय खाली सोडला आणि पायाखाली काहीच नव्हतं. दोर टाकीच्या खांबाला होता म्हणून दोराने तिला धरून ठेवलं. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. दोर धरून परत वर चढली, आणि गिऱ्हाइकाने गच्चीच्या दाराचं कुलूप काढलं तेव्हा घरातल्या जिन्याने खाली आली.

घरी येऊन हे सगळं हिने भाजी चिरता चिरता सांगितलं. मला सुरी बघवेना. म्हटलं, "बस झालं. प्लास्टर निघालं की वर मी जाणार. तू घरी." मेहुण्याला मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो रुसून गेला. जाऊ दे.

एक गोष्ट कोणाला सांगणार नाही, इथे लिहितो. ही पाय सोडत होती आणि खाली काही नव्हतं, हे ऐकताना मला हिचा पाय दिसलाच नाही. माझा दिसला. छज्ज्याचा पत्रा दिसला. मला भीती वाटते. दिवसाढवळ्या, पलंगावर पडल्या पडल्या वाटते.

२७ तारीख, गुरुवार

प्लास्टर निघालं. पाय आतून काडीसारखा आणि पांढराफटक निघाला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू चाला. चढण्याबद्दल काही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

दुपारी ही बाजारात गेली होती. अंगणात शिडी भिंतीला लावली आणि चढून बघितलं. दोन पायऱ्या छान झाल्या. तिसरीवर शिडी ओलसर लागली, म्हणून उतरलो. ओल्या शिडीवर चढायचं नाही हा नियम मीच घालून दिला आहे.

आत आलो तर आई खिडकीत उभी. म्हणाली, "आज ऊन चांगलं आहे रे. शिडीसुद्धा वाळली असेल आता."

२८ तारीख, शुक्रवार

सलूनवाल्याचा फोन आला. रविवारी अंतिम सामना आहे, डिश उद्याच्या उद्या लागली पाहिजे. त्याच्याकडे सामना बघायला अर्धी गल्ली जमते. चित्र आलं तर ती अर्धी गल्ली आपली, नाही आलं तर तीच गल्ली आपल्या नावाने शंख करणार.

मी जाहीर केलं, "उद्या वर मी जाणार."

मला वाटलं ही भांडेल. हिने कपाटातून पट्टा आणि दोर काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "जा. मी खाली धरते. फक्त एक सांगा, दोर कशाला बांधणार?"

"तिथे गेल्यावर बघू."

"वाऱ्याला बांधेल," आई म्हणाली. "आणखी कशाला."

ही वळून ओट्याशी गेली. हिची पाठ हलत होती, हसत होती की रडत होती ते मला इकडून दिसलं नाही. मी दोर उचलला आणि गुंडाळलेलाच होता तरी परत गुंडाळला.

२९ तारीख, शनिवार

सकाळी कपडे सरळ लोंबत होते. निघालो. शिडीचं पुढचं टोक हिच्या खांद्यावर, मागचं माझ्या.

सलूनची पुढची भिंत सगळी काचेची आहे. आत आरशांची रांग, खुर्च्यांवर गिऱ्हाइकं, त्यातला एक तोंडाला फेस लावलेला. मला पट्टा घालताना बघून सगळे दाराशी आले. सलूनवाला म्हणाला, "या, या. आले आपले उस्ताद." ही शिडीपाशी उभी राहिली, दोन्ही हातांनी पकडून म्हणाली, "धरली."

चढलो. एक, दोन. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला आणि गुडघा असा नाचायला लागला की शिडी वाजायला लागली. उन्हाने कोरडी खडखडीत होती, म्हणजे ओलीचं कारण नव्हतं. वर बघितलं तर गच्चीची कड हलत होती. खाली बघितलं तर ही. हिने वर बघितलं नाही, हात पण हलवले नाहीत.

मी खाली वाकून, फक्त हिला ऐकू जाईल असं म्हटलं, "मला भीती वाटतेय गं."

"मला पण वाटते," ही म्हणाली. "रोज वाटते. म्हणून तर बांधून घेते."

मी उतरलो. हिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "डॉक्टरांनी चढायला मनाई केलीय यांना, ऐकतच नव्हते." फेसवाला म्हणाला, "बरोबर आहे, पायाशी खेळू नये." पट्टा माझ्या अंगावरून हिच्या अंगावर गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी शिडीच्या खालच्या बाजूला उभा राहिलो. ही थांबून राहिली होती. का थांबली ते कळायला मला जरा वेळ लागला.

"धरली," मी म्हटलं. मग ही चढली.

शिडी धरणं सोपं असतं असं मला वाटायचं. हिचा प्रत्येक पाय माझ्या मनगटात वाजत होता. शेवटच्या पायऱ्यांवर असताना वारा सुटला. सलूनवाल्याने बाजूला वाळत घातलेले टॉवेल आडवे झाले आणि शिडी डावीकडे निघाली. मी खांदा लावला, छाती लावली, नुकत्याच जुळलेल्या पायावर सगळा भार टाकला. पायातून कळ डोक्यात गेली. वरून आवाज आला, "धरली?"

"धरली."

ही गच्चीवर गेली. दोराचं टोक टाकीच्या खांबाला गेलेलं मी खालून बघितलं, गाठ दोनदा ओढून बघितलेली पण बघितली. आणि मग ही खांबाला टेकून खाली बसली.

"काय झालं? काम का थांबलं?" सलूनवाला विचारायला लागला.

"टॉवेल खाली येऊ दे," मी म्हटलं.

"टॉवेल?"

"टॉवेल सरळ लोंबत नाहीत तोपर्यंत बाई उठणार नाही. उठली तर मी उठू देणार नाही. सामना उद्या आहे, बायको मला एकच आहे." गिऱ्हाइकं हसली. मी गंमत करत नव्हतो.

टॉवेल खाली आले. वर ड्रिल सुरू झालं, मग पान्याचे आवाज, मग शांत. मी शिडीला चिकटलेलो. नाकावर माशी बसली ती बसू दिली. काचेतून समोरच्या मोठ्या आरशात भिंतीवरचा टीव्ही दिसत होता, आधी नुसत्या मुंग्या. बघता बघता मुंग्या थांबल्या आणि चित्र आलं. स्वच्छ, खेळाडूंच्या बुटांच्या नाड्या मोजाव्यात असं. आतून लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मी वर बघत होतो. ही काही लगेच कडेला आली नाही. मग माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. वाजू दिला. बंद झाला, परत वाजला. परत वाजू दिला.

वरून हाक आली, "अहो, फोन का घेत नाही?"

"शिडी धरलीय," मी म्हटलं.

मग ही कडेवरून डोकावली. तोंडावर सिमेंटची धूळ, त्यात डोळे तेवढे लकाकत होते. म्हणाली, "बरं, इथूनच विचारते. डावीकडे की उजवीकडे?"

मी आरशात बघितलं. चित्र जसंच्या तसं होतं, काडीची खोट नव्हती. चष्म्याचं दुकान आठवलं, टेलरमास्तर आठवले, पाण्याची बाटली आठवली. महिनाभर मी पलंगावरून पकडलेले सगळे सिग्नल आठवले.

"थोडी डावीकडे," मी म्हटलं. "केसभर."

ही आत गेली. आरशातलं चित्र जागचं हललं नाही. "आलं का?" ही ओरडली.

"आलं," मी म्हटलं. "आता अगदी बरोबर आहे."

ही जमिनीवर उतरेपर्यंत मी हात सोडले नाहीत. घरी येताना पुढचं टोक माझ्याकडे, मागचं हिच्याकडे. महिनाभर ते फोन कशासाठी केलेस, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. नाही विचारलं. वाऱ्याबद्दल हिने तरी मला कधी काही विचारलं होतं?